कोनाड्याचा खांब

हिजरी सन नऊशे एक्याण्णव, श्रावणाची अमावास्या. नारळी पौर्णिमा होऊन पंधरा दिवस झाले होते. पावसाचा जोर ओसरला होता, पण वारा अजून नैऋत्येचाच होता. त्या वाऱ्यावर अरबस्तानातल्या मोख्याहून आलेल्या गलबतातून रूमचा एक गवंडी आमच्या वेळघरच्या बंदरात उतरला, असे सांगतात. रूम म्हणजे तुर्कांचा मुलूख. गोष्ट त्या दिवसापासून धरायची.

पण आधी हा खांब बघा. मशिदीत चार कोपऱ्यांना चार खांब आहेत, त्यांच्यावर चार कमानी आणि कमानींवर घुमट. मधे एकही खांब नाही. तीन खांब साधे आहेत. पश्चिमेच्या भिंतीतल्या मेहराबीकडे तोंड केले की समोर डाव्या हाताला जो येतो, तो नैऋत्येचा. त्याच्यात छातीच्या उंचीवर दिव्याचा कोनाडा आहे. कोनाड्याच्या वर चारशे वर्षांची काजळी आहे. त्याच्या खाली अडसर सरकवायचे भोक आहे. पलीकडच्या अंगाला एका चिऱ्याची कड हात लागून लागून गुळगुळीत झाली आहे, उंबऱ्याची होते तशी. मशिदीच्या खांबाला अडसर कशाला, असे येणारा प्रत्येक जण विचारतो. तुम्ही विचारले नाही. तरी ऐका.

त्या वेळी बंदरात याकूब नाखवा मोठा माणूस होता. त्याची तीन गलबते होती. त्यातले एक जेद्द्याच्या खडकांवर फुटले आणि नाखवा फळीला धरून दोन दिवस पाण्यात राहिला. त्याने मन्नत केली, की जगलो तर रूमच्या मुलखात पाहिली तशी मशीद माझ्या गावात बांधीन. आत खांब नको, एका घुमटाखाली सगळे गाव एका रांगेत दिसले पाहिजे. तो जगला. पुढच्या खेपेला त्याने उस्ताद इलियास रूमीला बरोबर आणले.

गावात गवंडी नव्हता असे नाही. लतीफ चिरेकर होता. खाडीच्या दोन्ही काठांवर जे जे उभे होते, ते चिरेकरांच्या हातचे होते. धक्का त्यांचा, नऊ विहिरी त्यांच्या, नाखव्याचे स्वतःचे घरही त्यांचेच. मन्नतीची मशीद आपणच बांधणार हे लतीफने धरून ठेवले होते. त्याने मनात तिची लांबीरुंदीही मोजली होती. नाखव्याने त्याला धक्क्यावर बोलावले.

"लतीफ, चिरे तू काढ. बांधेल तो."

"माझ्या आज्याने तुमच्या आज्याला हा धक्का बांधून दिला, नाखवा."

"धक्का बांधला. घुमट बांधला होता का?"

लतीफने पाठ वळवली. तो खाणीवर गेला.

रूमी उंच, हडकुळा आणि शांत माणूस होता म्हणे. भाषा तो मासळी विकणाऱ्या बायकांकडून शिकला. त्यामुळे घासाघीस त्यांच्यासारखी करायचा आणि शिव्याही त्यांच्याच द्यायचा. लोक हसायचे, तोही हसायचा. चार महिन्यांत गाव त्याचे झाले. लतीफच्या हाताखाली वाढलेले गवंडी त्याच्याकडे कामाला गेले. ते त्याच्यासारखे उकिडवे बसू लागले, त्याच्यासारखा डोक्याचा पटका मागे बांधू लागले. लतीफने हे सगळे पाहिले.

त्याची बायको हलीमा उस्तादाला दुपारची भाकरी पाठवायची. परका माणूस, घरदार लांब, म्हणून.

"नाचणीची आवडते त्याला," ती म्हणाली. "दोन खाल्ल्या."

त्या दिवसापासून लतीफने नाचणीची भाकरी सोडली.

दुपारी कामगार जेवायला गेले की तो आपला ओळंबा घेऊन मशिदीत जायचा. प्रत्येक भिंतीला लावून बघायचा. कुठे बोटभर तरी फरक निघेल, या आशेने. एकदा सगळी पूर्वेची भिंत त्याने वितीवितीने तपासली. केसाचाही फरक नव्हता. घरी येऊन तो कालवणात मीठ कमी म्हणून हलीमाला बोलला.

"मीठ बरोबर आहे," ती म्हणाली. "भिंतही बरोबर असेल. आज तुमचंच काहीतरी वाकडं आहे."

मग मडकी आली. उस्तादाने कुंभाराकडून चौसष्ट मडकी करून घेतली, लांब मानेची, नारळाएवढी. ती घुमटात तोंड खाली करून बसवायची होती. लतीफ चार माणसांत मोठ्याने म्हणाला, "मडक्यांचं छप्पर! आत ताक ठेवणार का, उस्ताद?"

सगळे हसले. रूमीही हसला. "ताक नाही, मिस्त्री," तो म्हणाला. "शब्द ठेवणार."

हे लतीफला जास्त लागले. रूमी चिडला असता तर बरे वाटले असते.

आता दगडाची गोष्ट सांगतो, ती नीट ऐका. आमचा दगड जांभा. तो खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, पोटात शेडीची पिवळी माती आणि पाणी असते. म्हणून काढलेला चिरा आम्ही उघड्यावर मांडतो. एक पावसाळा त्याच्यावरून जाऊ द्यायचा, मग एक ऊन. पाऊस माती धुऊन नेतो, ऊन त्याला घट्ट करते. त्यानंतर तो भिंतीत घालायचा. त्याच्या आधी नाही.

लतीफच्या खळ्यात असा पावसाळा काढलेला चिरा होता. त्यावर पाया झाला, भिंती झाल्या, तीन खांब झाले. खाडीजवळची जमीन भुसभुशीत, म्हणून पाया ठरल्यापेक्षा खोल गेला होता. चौथ्या खांबाला चिरा पुरला नाही. माघ महिना चालू होता. पुढच्या पावसाआधी घुमट मिटला पाहिजे, असे उस्तादाच्या मनात होते.

तो खाणीवर आला. नुकता काढलेला चिरा त्याने नखाने खरवडला. नख रुतले. त्याने लतीफला विचारले, "हा चालेल ना, मिस्त्री? आमच्याकडचा दगडही खाणीतून असाच मऊ निघतो. भिंतीत बसला, वारा लागला, की घट्ट होतो."

हीच त्याची चूक. दगड त्याला ठाऊक नव्हता असे नाही. त्याला दुसऱ्या मुलखाचा दगड ठाऊक होता. अडाणी असता तर त्याला शंका आली असती.

खाणीवर अकरा माणसे होती. अकराही जणांना ठाऊक होते. पण दगडाचा शब्द मिस्त्रीने सांगायचा, ही आमची रीत. मिस्त्री बोलत असताना दुसऱ्याने तोंड उघडायचे नाही. सगळ्यांनी लतीफकडे पाहिले. लतीफने हातातल्या टाकीच्या धारेकडे पाहिले.

"तुमच्याकडे होतो, तर होतो," तो म्हणाला.

उस्तादाने मान हलवली आणि चिरे मोजून घेतले. खाणीवरच्या माणसांना वाटले, या दोघांचे काही ठरले असेल. लतीफने स्वतःला सांगितले, की मी खोटे बोललो नाही. हे त्याने स्वतःला पुष्कळ वेळा सांगितले असावे.

चौथा खांब उभा राहिला. कमानी झाल्या. ज्येष्ठात घुमट मिटला. उस्तादाने कमानींखालचे लाकडी धिरे काढले नाहीत. चुना पावसात सावकाश धरू दे, म्हणाला. नव्या कामावर बाहेरून माडाच्या झापांची शाकारणी केली आणि पाऊस सुरू झाला.

त्या साली नैऋत्येचा मारा असा होता, की झापे पहिल्या आठवड्यातच उडाली. परत घातली, परत उडाली. लतीफ इरले पांघरून रोज मशिदीच्या मागे जाऊन उभा राहायचा. तीन खांबांच्या पायाशी पाणी स्वच्छ होते. चौथ्याच्या पायाशी पिवळा गाळ येत होता, थोडा थोडा, पेजेसारखा. खांब आतून धुतला जात होता. लतीफने तो गाळ पायाने सारून मातीत मिळवला. दुसऱ्या दिवशी पुन्हा आला, पुन्हा सारला.

सांगायला अजून वेळ होता. पण आता सांगितले तर आधी का नाही, हे विचारतील. तेवढ्यासाठी तो गप्प राहिला. रूमीच्या घुमटाला तडा जावा हे त्याला हवे होते. तो कोणाच्या डोक्यावर पडावा हे नको होते. दोन्ही गोष्टी एकच आहेत, हे त्याला त्या पावसाळ्यात कळले.

पाऊस संपला. दसऱ्यानंतरच्या जुम्म्याला धिरे काढायचे ठरले. आतल्या फळ्या आधीच उतरवल्या होत्या, मडक्यांची तोंडे उघडी झाली होती. कमानींखाली प्रत्येक खांबाशी एक, असे चार मोठे धिरे तेवढे राहिले होते. त्यांच्या पाचरींना दोर बांधून ते बाहेर दारापर्यंत आणले होते. ओढायला नाखव्याचे खलाशी होते. सगळा गाव अंगणात आला होता.

रूमच्या गवंड्यांची एक रीत असते म्हणे. शेवटचा आधार निघताना ज्याने बांधले त्याने खाली उभे राहायचे, एकट्याने. पडले तर त्याच्यावर पडेल. उस्ताद आत जाऊन घुमटाच्या मध्याखाली उभा राहिला. मग परत दारात आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "कमान माझी आहे. दगड लतीफ मिस्त्रींचा आहे. दगडाशिवाय कमान नाही. आज इथं दोघांनी उभं राहायचं."

लोकांनी लतीफला वाट करून दिली. हलीमाने त्या दिवशी पेटीतली लग्नातली शाल काढून त्याच्या खांद्यावर घातली होती. तिच्या डोळ्यांत पाणी आले. वर्षभर लतीफ ज्या मानासाठी जळत होता, तो मान त्याला आयता, भर गावासमोर, हाताला धरून दिला जात होता. आणि तो घ्यायचा कुठे, तर त्या घुमटाखाली.

नाही म्हणायचे तर कारण सांगायला हवे. तो आत गेला.

पहिला दोर ओढला, ईशान्येचा. धिरा पडला. घुमट हलला नाही. दुसरा, आग्नेयेचा. तिसरा, वायव्येचा. उस्तादाचे डोळे मिटलेले होते. लतीफचे उघडे होते. चौथ्या खांबाच्या सांध्यातून ओल्या मातीचा एक खडा सुटला आणि जमिनीवर पडून पसरला. वर कमानीतून बारीक चुना गळला. तो लतीफच्या शालीवर पडला. उस्तादाने डोळे न उघडता हात लांब करून लतीफचा खांदा धरला. धीर द्यायला. त्याला वाटले, मिस्त्री भ्यायला आहे.

लतीफ हळू बोलला. अगदी ओठांत, शेजारच्यालाच ऐकू जाईल इतके.

"नैऋत्येचा खांब कच्चा आहे. ताजा चिरा. मला ठाऊक होतं."

तोपर्यंत आत सतत हातोड्या चालत असत. त्या मडक्यांचे काय काम आहे, ते गावात कोणी ऐकलेले नव्हते. त्या दिवशी सगळे गप्प होते. लतीफचा शब्द वर गेला, चौसष्ट मडक्यांत शिरला आणि दारात जशाच्या तसा उतरला. दोर हातात घेतलेल्या खलाशांनी तो ऐकला. त्यांनी दोर सोडला. तो जमिनीवर पडल्याचा आवाज आत आला, तेव्हा लतीफने मान वळवली. सगळा गाव त्याच्याकडे बघत होता. हलीमाही.

उस्तादाने डोळे उघडले. खांद्यावरचा हात काढला नाही.

"मी विचारलं होतं," तो म्हणाला.

"विचारलं होतं."

बाहेर याकूब नाखवा ओरडत होता. याला गावाबाहेर घाला, याचा हुक्कापाणी बंद करा, याच्या खाणीत पाणी सोडा. उस्ताद त्याला म्हणाला, "नाखवा, नंतर ओरडा. तो उरलेला धिरा आणखी एक पावसाळा टिकणार नाही. खांब आत्ताच बदलायला हवा. घट्ट दगड कुठे आहे?"

कोणाकडे नव्हता. खळी रिकामी होती, ताजा दगड मांडायचा तर वर्ष जाणार. शेवटी लतीफच बोलला.

"माझं घर आहे. आज्याच्या हातचं. त्याच्या भिंतींनी साठ पावसाळे काढलेत."

मग हलीमा पुढे आली. सांगतात, की ती रडली नाही.

"काढायचं तर सगळं काढा," ती म्हणाली. "कोनाडासुद्धा. घर राहणार नाही, तर मी दिवा काय डोक्यावर ठेवू? आणि तो चिरा तासायचा नाही. आहे तसाच लावायचा. येणाऱ्याजाणाऱ्याला दिसू दे, कोणाच्या घराचा आहे तो."

पहिला चिरा तिने स्वतः डोक्यावरून आणला.

आठ दिवस लतीफने स्वतःचे घर उतरवले आणि उस्तादाने खांब बदलला. एका वेळी एक चिरा काढायचा, एक घालायचा. धिऱ्याला हात लावायचा नाही. दोघांत कामापुरते बोलणे होते. लतीफ देत होता आणि रूमी बसवत होता. अडसराचा चिरा आला, तेव्हा उस्तादाने विचारले, "हे भोक बुजवू का?" लतीफ म्हणाला, "राहू दे." नवव्या दिवशी चौथा दोर ओढला. पुन्हा दोघे खाली उभे होते. घुमट हलला नाही. तो अजून हललेला नाही.

लतीफ आणि हलीमा खाणीजवळ झापांच्या खोपटात राहिले. उस्तादाचे काम संपले होते. होळीच्या सुमारास मोख्याचे शेवटचे गलबत निघणार होते. ते निघाले, आणि रूमी धक्क्यावर उभा राहून ते बघत राहिला. मग टाकी घेऊन खाणीत गेला.

त्याने स्वतःच्या हाताने चिरे काढले. लतीफ काठावर बसून बघायचा.

"वाकडा निघतोय," तो म्हणायचा.

"सरळ आहे."

"तुमच्याकडे सरळ असेल."

उस्तादाने ते चिरे मशिदीच्या अंगणात मांडले. एक पावसाळा त्यांच्यावरून जाऊ दिला. मधे दोनदा उलटे केले, कारण लतीफने तसे करायला सांगितले. पाऊस गेला, ऊन आले. मग त्याने आज्याच्या जोत्यावर लतीफचे घर बांधून दिले. दारावर आतून एक मडके बसवले, चौसष्टातले नव्हे, पासष्टावे. त्यामुळे लतीफ आणि हलीमाचे भांडण झाले की ते विहिरीवर ऐकू जायचे, असे जुन्या बायका सांगत.

घर पुरे झाले त्या दुपारी उस्ताद जोत्यावर बसला. त्याने एक चिरा नखाने खरवडला. नख रुतले नाही.

"मिस्त्री," तो म्हणाला, "या दगडाबद्दल मला सांगण्यासारखं अजून काही आहे?"

लतीफ त्याच्या शेजारी बसला. दुपारच्या नमाजापासून ऊन कलल्यावरच्या असरच्या अजानपर्यंत त्याने सांगितले. कुठल्या थराचा चिरा विहिरीला, कुठल्याचा पायाला, शेडीची माती कशी ओळखायची, टाकी मारल्यावर आवाज कसा आला पाहिजे, समुद्राकडच्या तोंडाला काय करायचे. आज्याने त्याला सांगितलेले सगळे. जे त्याने स्वतःच्या भावालाही सांगितले नव्हते, तेही. पुढच्या वाऱ्याला रूमी गेला. त्याच्या मुलखात जांभा नाही. त्याला ते कधी उपयोगी पडले नसणार.

लतीफच्या मनातली जळजळ गेली, असे कोणी सांगत नाही. मीही सांगणार नाही. त्याने मरेपर्यंत नाचणीची भाकरी खाल्ली नाही म्हणे.

आजही पावसाआधी या अंगणात ताजे चिरे मांडतात. गावात ज्याला बांधायचे असेल तो पाऊस काढलेले चिरे नेतो आणि तेवढेच ताजे आणून ठेवतो. तुम्ही आलात तेव्हा त्यांच्यावर मोटारसायकली टेकवल्यात, ते चिरे ते. आणि आजही बाहेरचा कारागीर या मशिदीला हात लावायला आला, की पहिला दगड हलवण्याआधी चिरेकरांच्या घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाने त्याला घुमटाखाली उभे करायचे, आणि आपल्याला ठाऊक आहे ते न विचारता सांगायचे. मोठ्याने नव्हे. साध्या आवाजात. दारात माणसे उभी करायची, त्यांना ऐकू गेले पाहिजे.

घुमटाच्या दुरुस्तीचे काम तुम्हाला मिळाले. आम्हा चिरेकरांना कोणी विचारले नाही. माझे दोन्ही मुलगे याच दगडात वाढले आहेत, आणि दोघेही आज घरी आहेत. काल तुमची शिडी उतरवताना मी ती लांबून बघितली. चांगली शिडी आहे.

ऐका. गळती तुम्ही खूण केलीत तिथून नाही. ती फट वरवरच्या चुन्याची आहे. पाणी उत्तरेच्या पन्हळीतून शिरते आणि कमानीच्या पाठीवरून फिरून इथे उतरते. पन्हळीखालचे तीन चिरे काढा, तिथे पिंपळाचे मूळ सापडेल. घुमटाला आतून सिमेंट लावू नका, मडकी बुजतील. चुना घाणीत मळलेला घ्या, गूळ आणि हिरडा घालून, आणि दोन महिने भिजू द्या. नैऋत्येच्या खांबाला कशाचीही गरज नाही. त्याला हात लावू नका.

मला ठाऊक होते ते एवढेच. दारातल्यांनी ऐकले आहे. फिटले.